पापणीचे दुखणे आणि कागदावरचे निदान



वृद्धापकाळी डोळ्यांचे दुखणे म्हटले की आपणांस मोतीबिंदू आठवतो, फार तर काचबिंदू. पापणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वरची पापणी हळूहळू खाली उतरत जाते, कपाळावरच्या आठ्या खोल होतात, हनुवटी वर करून पाहण्याची सवय जडते आणि घरातील माणसे 'आता वय झाले' असे म्हणून विषय संपवितात. पुढे केव्हातरी नेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवितात. ती नीट पार पडते, वरचे-समोरचे स्वच्छ दिसू लागते. मग महिन्या-दीड महिन्याने विमा कंपनीचे पत्र येते की, ही शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी केलेली असल्याने दावा मान्य करता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर आरशात दाढीपुरते किंवा कुंकवापुरतेच पाहिले, त्यांना असे पत्र वाचून संताप येतो. आणि खर्च झालेला पैसा बहुधा मुलाने उसनवारी करून उभा केलेला असतो.

अशा पत्राचे मूळ अनेकदा शस्त्रक्रियेत नसते. शस्त्रक्रियेपूर्वी केसपेपरवर ज्या चार ओळी लिहिल्या गेल्या, किंवा लिहावयाच्या राहून गेल्या, त्यांत ते असते. म्हणून आजच्या लेखात पापणीच्या विकाराचे निदान कागदावर कसे नोंदले जाते, त्याचा संकेतांक म्हणजे काय आणि देयक व दावा यांच्याशी त्याचा संबंध कसा येतो, हे आपण पाहू.

आधी दुखणे ओळखू या

कागदाचा विचार करण्यापूर्वी एक इशारा देणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे हळूहळू उतरणारी पापणी निराळी आणि एकाएकी, काही तासांत किंवा एका दिवसात पडलेली पापणी निराळी. पापणी अचानक पडली, सोबत एकाचे दोन दिसू लागले, तीव्र डोकेदुखी आली, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली, बोलण्यात जडपणा आला किंवा हातापायातील शक्ती गेली, तर तो मेंदूशी किंवा मज्जातंतूंशी संबंधित आणीबाणीचा प्रसंग असू शकतो. तेथे विम्याची चौकशी करीत बसू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रकार असा की, सकाळी पापणी ठीक असते, संध्याकाळपर्यंत उतरते, आणि कधी घास गिळतानाही त्रास होतो. हा स्नायू लवकर थकण्याचा, मायस्थेनिया नावाचा आजार असू शकतो. त्यावर पापणीची शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे, औषधोपचार आधी. तिसरा प्रकार याच्या नेमका उलट असतो : चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडल्यामुळे पापणी मिटतच नाही आणि डोळा कोरडा पडतो.

वयोमानाने होणाऱ्या विकारांतही भेद आहेत. पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल झाल्याने पापणीची कडाच खाली येते. वैद्यकात यास टोसिस म्हणतात. कित्येकदा कडा जागेवर असते, पण तिच्यावरची सैल कातडी पडद्यासारखी लोंबते. कोणाची खालची पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. कोणाची बाहेर वळते आणि पाणी गळत राहते. काहींचे डोळे आपोआप घट्ट मिटतात, उघडू म्हटले तरी उघडत नाहीत. घरच्या भाषेत या सर्वांना आपण 'पापणीचा त्रास' असे एकच नाव देतो. कागदावर मात्र ही निरनिराळी निदाने आहेत आणि प्रत्येकाचा संकेतांक वेगळा आहे.

निदानाचा संकेतांक

रोगांची नावे जगभर एकाच पद्धतीने नोंदता यावीत, म्हणून जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक वर्गवारी मांडली. तिचीच सुधारित आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये आपल्या हाती घेतली. यालाच आज आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण किंवा थोडक्यात आयसीडी म्हणतात. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडील विमा दाव्याच्या नमुन्यात दहाव्या आवृत्तीचे संकेतांक मागितलेले दिसतात. दाव्याच्या अर्जाचा 'ब' भाग रुग्णालयाने भरावयाचा असतो. त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान व सहव्याधी यांचे संकेतांक आणि केलेल्या शस्त्रक्रियेचा तपशील यांसाठी स्वतंत्र रकाने असतात.

दहाव्या आवृत्तीत डोळा व त्याच्या उपांगांचे विकार 'एच' या अक्षराखाली येतात. पापणीची कडा खाली पडणे, म्हणजे टोसिस, एच ०२.४. पापणी किंवा तिचे केस आत वळणे एच ०२.०, बाहेर वळणे एच ०२.१, पापणी पूर्ण न मिटणे एच ०२.२. कातडी सैल होऊन लोंबण्याच्या एका प्रकारासाठी एच ०२.३. पापणीतील गाठ, जिला कॅलेझिऑन म्हणतात, ती एच ००.१. मात्र डोळे आपोआप घट्ट मिटण्याचा विकार डोळ्यांच्या प्रकरणात सापडत नाही. तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात जी २४.५ म्हणून नोंदला जातो. मायस्थेनियाही तेथेच, जी ७०.० येथे आहे.

हे आकडे पाठ करण्याची आपणांस गरज नाही. ते ठरविणे डॉक्टरांचे आणि रुग्णालयाचे काम आहे. परंतु संकेतांक हा डॉक्टरांच्या निदानाचा सारांश असतो, एवढे ध्यानात ठेवावे. डॉक्टरांनी लिहिलेले निदान, अर्जातील संकेतांक आणि देयकातील शस्त्रक्रियेचे नाव या तिन्ही गोष्टी एकच हकिकत सांगत असतील, तर दाव्यात प्रश्न कमी उपस्थित होतात. निदान टोसिसचे आणि देयकात मात्र 'ब्लेफरोप्लास्टी', म्हणजे जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, असे लिहिले गेले की तपासणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न होते. 'डोळ्याची किरकोळ शस्त्रक्रिया' असे मोघम लिहिल्यानेही तेच घडते.

आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत उजवी पापणी, डावी पापणी आणि दोन्ही पापण्या यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ दहाव्या आवृत्तीत, एच ०२.४ मध्ये, ही बाजू दिसत नाही. म्हणून कोणता डोळा हे केसपेपर, संमतिपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि देयक या सर्वांवर शब्दांनी स्पष्ट लिहिलेले असावे. यात पैशाइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

रूप की दृष्टी?

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यातून वगळावयाच्या काही बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी समान केली आहे. त्यांतील आठवी बाब सौंदर्यवर्धक अथवा प्लास्टिक शस्त्रक्रियेची. इंग्रजी पॉलिसीत ती 'एक्सक्ल ०८' या खुणेने छापलेली आढळेल. रूप बदलण्यासाठी केलेला उपचार विम्यात बसत नाही, हा तिचा आशय. परंतु तिलाही अपवाद आहेत. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना हा एक. प्रकृतीस असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार हा दुसरा. आणि ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केली पाहिजे, असे तेथेच म्हटले आहे.

यावरून आपली बाजू दोन पायऱ्यांनी मांडता येते. पहिली पायरी अशी : पापणी बाहुली झाकत असेल, तर ती उचलण्याचा हेतू रूप बदलणे हा नसून दृष्टी मोकळी करणे हा आहे, म्हणून हा उपचार मुळातच या कलमाखाली येत नाही. दुसरी पायरी अशी : कंपनीने तो या कलमाखाली ओढलाच, तरी आवश्यकतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र आपल्या हाती असावे. या दोन्हींसाठी पुरावा लागतो, आणि पुष्कळसा पुरावा शस्त्रक्रियेपूर्वीच गोळा करावा लागतो. पापणी एकदा वर गेली की ती आधी किती खाली होती, हे दाखविण्यास काही उरत नाही.

हा पुरावा चार प्रकारचा असतो. पहिला म्हणजे माप. डोळ्यावर प्रकाश टाकला असता बुबुळावर जो ठिपका चमकतो, त्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. ते साधारणतः ४ ते ५ मिलिमीटर असते. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात हे अंतर २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असणे ही एक प्रचलित कसोटी आहे. आपल्याकडे प्रत्येक दाव्याचा विचार कागदपत्रांवरून स्वतंत्रपणे होतो; तरीही केसपेपरवर आकडा असणे आणि नुसते 'पापणी पडली आहे' असे असणे यांत मोठे अंतर आहे.

दुसरा पुरावा दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा. काचबिंदूसाठी वापरतात त्याच यंत्रावर ही तपासणी होते. एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून तपासणी केली, तर पापणीमुळे वरचा किती भाग दिसत नव्हता, हे दोन आलेख शेजारी ठेवताच कळते. तिसरा पुरावा छायाचित्रांचा : समोर सरळ पाहताना, कपाळ सैल ठेवून, दोन्ही डोळे दिसतील असे, आणि बाजूनेही. छायाचित्रांवर तारीख असावी.

चौथा पुरावा आपल्याच तोंडचा असतो, आणि तोच बहुधा नोंदवावयाचा राहतो. डॉक्टरांनी 'काय त्रास होतो?' असे विचारले की आपल्याकडील वडीलधारी माणसे 'काही नाही, डोळा जड वाटतो' एवढेच सांगतात. सोबत आलेली सून 'चेहरा फार थकल्यासारखा दिसतो हो यांचा' असे म्हणून जाते. तिची काळजी खरी असते, पण केसपेपरवर चेहऱ्याची तक्रार नोंदली जाते, दृष्टीची राहते. त्याऐवजी जे प्रत्यक्ष घडते ते सांगावे. पोथीचे पारायण करताना बोटाने पापणी उचलून धरावी लागते. एस.टी.ची पाटी हनुवटी वर केल्याशिवाय वाचता येत नाही. राजूर घाटातून दुचाकीने उतरताना वरून येणारे वाहन उशिरा दिसते. दारावरची चौकट डोक्याला लागते. संध्याकाळी कपाळ दुखते. यांपैकी जे खरे असेल तेच, पण तपशिलाने सांगावे आणि ते केसपेपरवर उतरले आहे की नाही, हे नम्रपणे विचारावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दावा मंजूर व्हावा म्हणून डॉक्टरांना वेगळे निदान किंवा वेगळा संकेतांक लिहिण्याची विनंती कधीही करू नये. ती फसवणूक ठरते. त्यामुळे दावा तर जातोच, परंतु पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि उतारवयात नवी पॉलिसी मिळणे सोपे नसते. पापणीने दृष्टीला अडथळा होत नसेल, केवळ डोळा लहान दिसतो म्हणून शस्त्रक्रिया हवी असेल, तर ती स्वखर्चाने करण्यात कमीपणा काही नाही.

आजाराचा काळ सांगतानाही नेमकेपणा हवा. 'फार वर्षांपासून आहे' हे सहज उच्चारलेले वाक्य कागदावर पूर्वीपासूनच्या आजाराची नोंद होऊन बसते. पापणी किंचित उतरू लागली केव्हा, पाहण्यास अडथळा होऊ लागला केव्हा आणि पहिल्यांदा डॉक्टरांना दाखविले केव्हा, या तीन तारखा वेगळ्या असतात. त्या आठवून, जुने केसपेपर पाहून खऱ्या सांगाव्यात.

देयक कसे असावे

पापणीची शस्त्रक्रिया बहुतेकदा स्थानिक भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. चोवीस तास दाखल नसल्याने विमा मिळणार नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. शस्त्रक्रियागृहात भूल देऊन, रीतसर दाखल करून केलेले दिवसभराचे उपचार 'डे केअर' या सदरात येऊ शकतात. मात्र जे उपचार सामान्यतः बाह्यरुग्ण विभागातच होतात, ते या सदरात धरले जात नाहीत. पापणीतील गाठ दवाखान्यातील खुर्चीवर काढली, तर तो खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. डोळे घट्ट मिटण्याच्या विकारावर बोटुलिनम विषाचे इंजेक्शन देतात, तेथेही हीच अडचण येते. शिवाय सुरकुत्यांसाठी तेच औषध प्रसिद्ध असल्याने सौंदर्यवर्धनाची शंका घेतली जाते. वस्तुतः अमेरिकेत या औषधास पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली, ती तिरळेपणा आणि डोळे मिटण्याच्या याच विकारासाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ ची. अशा वेळी जी २४.५ हा संकेतांक आणि डॉक्टरांचे टिपण यांचे महत्त्व वाढते.

देयक एकरकमी नसावे, तपशीलवार असावे : शस्त्रक्रियेचे नाव व बाजू, शल्यचिकित्सकाचे शुल्क, भूल, शस्त्रक्रियागृह, औषधे, टाके आणि वापरलेले साहित्य. मोतीबिंदू आणि पापणी या दोन्हींवर उपचार झाले असतील, तर दोन्ही निदाने व दोन्ही शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे दाखविलेल्या असाव्यात. औषधाच्या प्रत्येक पावतीस डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली असावी. नावाचा घोळ आपल्याकडे नित्याचा आहे. आधारपत्रावर एक नाव, पॉलिसीत दुसरे आणि देयकावर घरी हाक मारतात ते तिसरे, असे होऊ देऊ नये. अनेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्चही मिळतो. म्हणून दृष्टिक्षेत्र तपासणीची पावती जपून ठेवावी.

कॅशलेस सोय असल्यास शस्त्रक्रियेची तारीख ठरताच पूर्वपरवानगी मागावी. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. पूर्वपरवानगी नाकारली गेली, तर कारण शस्त्रक्रियेपूर्वीच कळते आणि उणीव भरून काढण्यास वेळ मिळतो. हा तिचा मोठा लाभ आहे.

सरकारी योजनांचा मार्ग

आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य ज्येष्ठांकडे खासगी विमा नाही. त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना हे आधार आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. मर्यादा वर्षाला ५ लाख रुपयांची आहे. येथे तपशीलवार देयकाऐवजी पॅकेजची पद्धत असते. प्रत्येक उपचाराचा ठरलेला संकेतांक व दर असतो आणि रुग्णालयाने त्याच्या पूर्वमंजुरीसाठी टिपणे व छायाचित्रे पाठवावयाची असतात. आयुष्मान योजनेच्या नेत्रविभागात टोसिस आणि पापणी आत किंवा बाहेर वळणे यांवरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे. मात्र योजनेतील प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार उपलब्ध असतोच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मान योजनेसाठी १४५५५ हे निःशुल्क क्रमांक आहेत. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. शिधापत्रिका, आधारपत्र आणि जुने केसपेपर घेऊन प्रथम त्यांना भेटावे.

बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात प्राथमिक नेत्रतपासणी करून घ्यावी. पापणीच्या शस्त्रक्रियेसाठी पुढे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाण्याचा सल्ला मिळाला, तर संदर्भचिठ्ठीवर निदान, बाजू आणि माप लिहून घ्यावे. दूरच्या प्रवासात ती एक चिठ्ठी दुसरा हेलपाटा वाचवू शकते.

दावा नाकारला गेल्यास

खचून जाऊ नये. पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीनुसार दावा नाकारला, हे लेखी सांगणे कंपनीचे कर्तव्य आहे. ते कलम वाचून प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मापाची नोंद, दृष्टिक्षेत्राचे आलेख आणि आधीची-नंतरची छायाचित्रे जोडावीत. संकेतांक लिहिताना रुग्णालयाकडून खरोखरीच चूक झाली असेल, तर मूळ टिपणांच्या आधारे दुरुस्तीचे पत्र मागता येते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आपल्या भागासाठीच्या लोकपाल कार्यालयाचा पत्ता पॉलिसीच्या शेवटी छापलेला असतो. नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

घरातील ज्या व्यक्तीवर कागदपत्रांची जबाबदारी आहे, तिने हे प्रश्न वहीत उतरवून सोबत न्यावेत :

१. निदान नेमके काय आहे आणि ते कोणत्या डोळ्याचे आहे?
२. पाहण्यात होणारा अडथळा व पापणीचे माप केसपेपरवर नोंदले आहे का?
३. दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि तारखेसह छायाचित्रे झाली आहेत का?
४. दाव्याच्या अर्जात कोणता संकेतांक जाणार आहे आणि देयकात शस्त्रक्रियेचे नाव काय येणार आहे?
५. पूर्वपरवानगी लेखी मिळाली आहे का?

गर्दीच्या ओपीडीत एवढे विचारण्याचा संकोच वाटतो, हे खरे. परंतु पाचही उत्तरांना मिळून काही मिनिटेच लागतात, आणि विचारण्याची योग्य वेळ शस्त्रक्रियेपूर्वीचीच आहे. सर्व कागदांच्या दोन-दोन छायाप्रती काढून एक संच घरी ठेवावा. आणि घरात कोणी वडीलधारे हनुवटी उंचावून पाहू लागले असतील, तर ते वयाच्या खात्यावर न मांडता एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.